कुठला ब्लॉकर फास्ट?

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. मराठी विभागासाठी लिहिणार म्हटल्यावर घरी आईने आधी पोटभर हसून घेतलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

विषय निघाला तो माझ्या रूममेटमुळे. सबमिशनच्या आदल्या रात्री ती एका साइटवरून नोट्सची पीडीएफ उतरवत होती. पानावर तीन हिरवी ‘डाउनलोड’ बटणं. खरी लिंक खाली बारीक निळ्या अक्षरांत, आणि ती तिन्ही बटणं म्हणजे जाहिराती! तिने सगळ्यात मोठं बटण दाबलं. सकाळपर्यंत लॅपटॉपने मान टाकली. शेवटी एका सीनियरने फॉरमॅट मारला, त्यात टर्मची सगळी राइट-अप्स गेली. लॅपटॉप सेकंडहँड, 4 जीबी रॅमचा, भावाने हप्त्यांवर घेऊन दिलेला. दोन दिवस ती घरी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ असंच सांगत होती.

मग विंगमध्ये संसद भरली. अ‍ॅड-ब्लॉकर टाकायचा यावर एकमत, पण कुठला? एक म्हणे अमका फास्ट, दुसरी म्हणे तो रॅम खातो, तिसरीच्या मते ब्लॉकरमुळेच नेट स्लो होतं. म्हटलं, इंजिनीअर ना आपण? मोजूया!

मोजायला बसले आणि पहिल्याच रात्री तोंडावर आपटले. तेच पान, तोच ब्लॉकर. पण सगळ्या मेसमध्ये असताना झटकन उघडतं आणि रात्री अकराला रडत-रडत. दुसऱ्यांदा उघडलं की कॅशमुळे आकडा तिसराच. दोन ब्लॉकरमधला फरक त्या गोंधळात सापडेचना. ढळढळीत दिसला तो एकच फरक, ब्लॉकर असताना आणि नसताना.

वाचल्यावर कारण कळलं. 2019 मध्ये घोस्टरीने एक चाचणी केली होती. पानावरची एखादी विनंती जाऊ द्यायची की अडवायची, हे ठरवायला लागणारा मध्यक वेळ: घोस्टरी 0.007 मिलिसेकंद, यूब्लॉक ओरिजिन 0.017, अ‍ॅडब्लॉक प्लस 0.019. (चाचणी घेणाराच पहिला आला, हे वेगळं सांगायला नको!) पण शेवटचा आकडा धरला तरी हजार विनंत्यांना 19 मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो. ईझीलिस्टसारख्या यादीत हजारो नियम असतात, मग एवढं पटकन कसं जमतं? आपल्या लायब्ररीतल्या कार्डांच्या खणांसारखं. पत्त्यातला एखादा शब्द धरून थेट त्याच खणात जायचं, सगळी कपाटं उपसायची नाहीत.

रॅमवाल्या मैत्रिणीचं मात्र अगदीच चुकलं नव्हतं. 2014 मध्ये मोझिलाच्या निकोलस नेदरकोट यांनी दाखवलं होतं की अ‍ॅडब्लॉक प्लस टाकल्यावर फायरफॉक्समध्ये एकच टेकक्रंचचं पान 194 एमबीवरून 417 एमबीवर गेलं. जाहिराती लपवायची भलीमोठी स्टाइलशीट पानातल्या प्रत्येक फ्रेमला वेगळी चिकटवली जात होती. त्याच वर्षी रेमंड हिल यांचा यूब्लॉक आला, कमी मेमरीत काम करणारा. पुढे त्याचाच यूब्लॉक ओरिजिन झाला. 4 जीबीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. आपण घड्याळ लावून बसतो आणि यादी कोणाच्या हातात आहे हे विचारतच नाही. अ‍ॅडब्लॉक प्लसमध्ये 2011 पासून ‘स्वीकारार्ह जाहिराती’ आपोआप चालू असतात, आणि त्या यादीत राहण्यासाठी मोठ्या कंपन्या पैसे मोजतात. ते सेटिंग तसंच ठेवून दोन ब्लॉकरची तुलना करणं म्हणजे एकाला अर्धा पेपर देऊन वेळ मोजणं! आणि क्रोमची गोष्ट तर आणखी मजेशीर. मॅनिफेस्ट व्ही-3 आणताना गूगलने सुरक्षितता आणि प्रायव्हसीबरोबर परफॉर्मन्सचंही कारण दिलं. आता एक्स्टेन्शनने नियम आधी देऊन ठेवायचे, निर्णय ब्राउझर घेणार. 2025 पर्यंत क्रोममधून जुना यूब्लॉक ओरिजिन हद्दपार झाला. त्याचा धाकटा भाऊ, यूब्लॉक ओरिजिन लाइट, खरंच हलका आहे, मान्य. पण त्याच्या याद्या मुख्यतः एक्स्टेन्शन अपडेट झालं की बदलतात, आणि जाहिरातवाले तोवर थांबत नाहीत. जिची सगळ्यात मोठी कमाई जाहिरातींची, त्या कंपनीने मिलिसेकंदांची काळजी करावी, हे मला तरी पचत नाही. जड काय होतं, ब्लॉकर की ती तीन हिरवी बटणं?

दुसरी बाजू आमच्या घरातच आहे. मामाचं तालुक्याच्या गावी न्यूज पोर्टल आहे, चालतं जाहिरातींवर. त्याला हे सगळं उत्साहाने सांगितलं तर म्हणाला, “अगं बाई, म्हणजे माझा चहा तूच बंद करणार!” त्याच्या साइटवर मी ब्लॉकर बंद ठेवते. तो खोटी बटणं लावत नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजावं असं मला वाटत नाही, आणि हे साइटनिहाय बंद-चालू करणं एका क्लिकचं काम आहे.

रूममेटच्या लॅपटॉपवर शेवटी फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन टाकलं. तिथे तो अजून पुऱ्या ताकदीने चालतो. तेच नोट्सचं पान उघडून बघितलं. हिरवं काहीच नाही, फक्त ती बारीक निळी लिंक. राइट-अप्स आम्ही दोघी मिळून पुन्हा लिहितोय. तीन प्रॅक्टिकल्सची अजून बाकी आहेत.