पाटी नको, व्याज हवं

माजी विद्यार्थी कॉलेजला काही देतात तेव्हा बहुतेक वेळा वस्तूच देतात. बाक, वॉटर कूलर, आणि त्यावर नावाची पाटी. कूलर बिघडला की दुरुस्तीला पैसे नसतात, पाटी मात्र चकाचक!

जमशेटजी टाटांनी वेगळा विचार केला. १८९८ मध्ये त्यांनी विज्ञानसंस्थेसाठी मुंबईतल्या १४ इमारती आणि ४ जमिनी देऊ केल्या, म्हणजे जवळजवळ निम्मी संपत्ती. त्याचं उत्पन्न दरवर्षी संस्थेला. १९०४ मध्ये ते गेले. मुलांनी शब्द पाळला आणि १९११ मध्ये बंगळूरला पहिली बॅच बसली. संस्थेला स्वतःचं नाव त्यांना नकोच होतं. (तिथले लोक तरी 'टाटा इन्स्टिट्यूट'च म्हणतात.)

आपले सीनियर्स काही टाटा नाहीत, कबूल. पण मृत्युपत्र करायला टाटा कशाला व्हायला हवं? साधा कागद, आपली सही, दोन साक्षीदार; रजिस्ट्रेशनसुद्धा सक्तीचं नाही. मुलाबाळांचं ठेवून पाच टक्के कॉलेजच्या कायम निधीला लिहिले, तर मूळ रक्कम शाबूत राहते आणि व्याजातून फी थकलेल्या एखाद्याचं वर्ष वाचतं. फक्त त्या निधीचा हिशोब कॉलेजने दरवर्षी नोटीस बोर्डावर लावावा. तो दिसल्याशिवाय मी तरी माझ्या मृत्युपत्रात काही लिहिणार नाही.