विडी सुटते, पण सोबतीने

दरवर्षी ३१ मे आला की तंबाखूविरोधी दिनाचे फलक लागतात. कचेऱ्यांतून शपथ घेतली जाते, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. १ जूनला मात्र शपथ घेणाऱ्याकडे कोणी फिरकत नाही. वास्तविक विडी सोडणाऱ्याचा खरा कस लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी त्याच्याजवळ कोण होते, यावर पुष्कळसे ठरते. या जवळ असण्याविषयीच आज वाचकांशी बोलावयाचे आहे.

जुन्नर आणि आंबेगाव हे आमचे दोन्ही तालुके कष्टकऱ्यांचे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उचलणारा हमाल असो, पुणे-नाशिक रस्त्यावर रात्रभर टेम्पो हाकणारा चालक असो, की शेतपंपाची वीज रात्रीची आली म्हणून उसाला दारे धरायला निघालेला शेतमजूर असो. उसात बिबट्या असतो हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. अशा रात्री माणसाच्या हातात काठी आणि बॅटरी असते, आणि खिशात विडीचा कट्टा. झोप येऊ नये, भीती वाटू नये, एकटे वाटू नये, म्हणून तो विडी पेटवतो. त्याला आपण नुसते 'व्यसनी' म्हणून मोकळे होतो, हा न्याय नव्हे.

आणि घरातील बाईचे काय? पहाटे चुलीवर मशेरी भाजणारी आई, आजी, सासू आपल्या घराघरांत होती, अजूनही आहे. तिच्या तंबाखूला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून ती सोड असेही कोणी तिला म्हणत नाही. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे व मशेरी लावणारे कितीतरी अधिक होते. गुटख्यावर राज्याने २०१२ साली बंदी घातली, पण मळलेली तंबाखू आणि मशेरी घरातच राहिली.

विडी ओढणाऱ्या कोणालाही विचारा, तो म्हणेल, "डोकं हलकं होतं." हे तो खोटे सांगत नाही, परंतु ते अर्धेच खरे आहे. धुरातील निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते व घटकाभर बरे वाटते. त्याचा अंमल उतरला की चिडचिड आणि बेचैनी सुरू होते. दुसरी विडी ओढली की ती थांबते, आणि आपल्याला वाटते की विडीने चिंता घालवली. प्रत्यक्षात पहिल्या विडीने आणलेली बेचैनी दुसरीने तेवढ्यापुरती दाबलेली असते. सावकाराचे व्याज फेडण्यासाठी त्याच सावकाराकडून नवे कर्ज काढावे, तसा हा प्रकार आहे. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी व ताण हे न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाले होते, असे त्यात दिसून आले. म्हणजे मनाच्या शांतीसाठी विडी लागते, ही समजूत आपण आता सोडायला हवी.

पण मनावर भार असतो, हे तर खरेच ना? त्या भाराविषयी आपण बोलतो काय? आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. पुढे २०१७ साली वाचलेल्यांना नवी घरे मिळाली. घर पुन्हा बांधता येते, पण ज्याचे सारे कुटुंब ढिगाऱ्याखाली गेले त्याचे मन कोणत्या सिमेंटने बांधावे? माळीणचे दुःख फार मोठे होते. तथापि लहान लहान माळिणी आपल्या वस्तीत रोज घडत असतात. कोणाचा तरुण मुलगा गेलेला असतो, कोणाच्या डोक्यावर कर्ज असते, कोणाची नोकरी सुटलेली असते. अशा माणसाला ताप आला तर दहाजण विचारपूस करतात. त्याची झोप उडाली, जेवण तुटले, तो कोणाशी बोलेनासा झाला, तर मात्र लोक कुजबुजतात. 'वेडा' हा शब्द कानी पडेल या धास्तीने घरचेही गप्प बसतात. मग त्याला सोबत कोणाची? टपरीवर सहज मिळणाऱ्या कट्ट्याची.

आमच्या परिचयातील एक गवंडीकाम करणारे गृहस्थ आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. धाकटा भाऊ अपघातात गेल्यापासून त्यांची विडी दिवसाला दीड कट्ट्यावर गेली होती. घरी रोज रागवारागवी चाले, पण तिचा उपयोग शून्य. शेवटी त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका तरुणाने निराळा मार्ग काढला. त्याने उपदेश केला नाही. "दाजी, तुमी सोडायची म्हणता ना, मग तीन आठवडे चहाच्या सुट्टीत मी तुमच्याजवळ बसतो," एवढेच तो म्हणाला, आणि खरोखर बसला. खिशात भाजलेले हरभरे व बडीशेप ठेवी. तलफ आली की दोघे उठून विहिरीपर्यंत चालून येत. तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढी टळली की ओसरते, हे त्याने कोठेतरी ऐकले होते. त्या चालण्यातच दाजी प्रथम गेलेल्या भावाविषयी बोलले.

नवव्या दिवशी एका लग्नाच्या मांडवात दाजींनी एक विडी ओढली. दुसऱ्या दिवशी ते तोंड चुकवू लागले. तो तरुण म्हणाला, "एक ओढली म्हणून आठ दिवस वाया गेले नाहीत. आजपासून पुढं मोजू." दाजींची विडी सुटली. आणि आणखी एक गोष्ट घडली, जिचा कोणी विचारही केला नव्हता. एके दिवशी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "सगळे ह्यांना विचारतात आज किती दिवस झाले. माझी मशेरी तीस वर्षांची. मला कुणी विचारलं नाही." त्या दिवसापासून शेजारची एक सून त्यांच्याजवळ सकाळी येऊन बसू लागली. पुढच्या बुद्धपौर्णिमेला विहारात दाजी उभे राहिले आणि चारचौघांत त्या तरुणाचे व त्या सुनेचे नाव घेऊन म्हणाले, "ह्यांचे माझ्यावर उपकार आहेत." सभेत बोलण्याची त्यांना सवय नव्हती. आवाज कापत होता. त्यानंतर आणखी दोघेजण हळूच त्या तरुणाकडे आले आणि म्हणाले, "आमच्याजवळ पण बसशील का?"

हे जे घडले त्यामागे जुना अनुभव आहे. पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी व अनिल अवचटांनी हे काम उभे केले आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसे पुढे नव्याने येणाऱ्यांना आधार देऊ लागली, व्यसनी माणसांच्या पत्नींसाठीही 'सहचरी' हा गट चालला. ज्याला हात मिळाला त्याने पुढच्याला हात द्यावयाचा, ही तेथील रीत. उपकाराची फेड करण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांला तरी दिसत नाही.

मंगलसुत्तात कृतज्ञतेला मंगल म्हटले आहे. ते सुत्त आपण विहारात म्हणतो, पण घरी येऊन किती वेळा कोणाचे आभार मानतो? आपल्या जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेख या बाबतीत पाहण्यासारखे आहेत. सुमारे १८०० ते २००० वर्षांपूर्वीची ही दाने. त्यांत राजेरजवाडेच आहेत असे नाही. धान्याचा व्यापार करणारे, बांबूचे काम करणारे, काशाची भांडी घडविणारे यांच्या श्रेणींची दाने तेथे कोरलेली आहेत. इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, तीही नोंद आहे. त्या दगडामुळेच इतक्या वर्षांनंतर आपल्याला कळते की तहानलेल्यासाठी कोणी सोय केली होती. चार कारागिरांनी मिळून लेणे खोदवले, तर चार शेजाऱ्यांनी मिळून एका माणसाची विडी का सोडवू नये?

म्हणून आमची मंडळांना आणि महिला मंडळांना काही विनंती आहे. विडी, तंबाखू किंवा मशेरी सोडू इच्छिणाऱ्या प्रत्येकास निदान दोन सोबती द्यावेत, एक घरचा व एक बाहेरचा. पहिले तीन दिवस रोज भेटावे, कारण तेच सर्वांत जड जातात. चिडचिड, झोपमोड, उदासी ही साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरते. तेवढे दिवस घरच्यांनी टोमणे मारू नयेत. मध्येच एकदा घसरला तर त्याला परका करू नये. ज्याला मानसिक आजाराची गोळी चालू आहे, त्याने डॉक्टरांना सांगूनच विडी सोडावी, कारण विडी सुटल्यावर काही गोळ्यांचे प्रमाण बदलावे लागते. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारावे, त्यात लाज कसली? तंबाखू सोडण्यासाठी सल्ला देणारा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. मनाच्या त्रासासाठी २०२२ साली सुरू झालेल्या टेली मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तेथे मराठीतूनही बोलता येते. हे दोन्ही क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावेत. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये व तडक दवाखान्यात न्यावे.

आम्ही पडलो कारकून, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. कट्टा पंचवीस रुपयांचा धरला आणि रोजचा एक धरला, तर वर्षाचे ९,१२५ रुपये होतात. मुलांची वह्या-पुस्तके त्यातून येतील. पण याच वहीत दुसरे एक पान असावे. विडी सोडलेल्याने त्यावर सोबत देणाऱ्यांची नावे लिहावीत आणि वर्ष पुरे झाले की त्यांच्या घरी जाऊन, "तुमच्यामुळे झालं," असे तोंडाने म्हणावे. आणि ज्या माऊलीला तीस वर्षांत कोणी विचारले नाही, तिला आज संध्याकाळीच कोणीतरी जाऊन विचारावे.

जयभीम.