रिकाम्या पदांचा जाब

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री यांस,

मुले परदेशी शिकायला जातात, ही आमची तक्रार नाही. त्यांना इथे राहता येईल किंवा शिकून परतता येईल अशा जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, ही आहे. जानेवारी २०२४ मध्ये १३ लाखांवर भारतीय विद्यार्थी परदेशात शिकत होते. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याच मंत्रालयाने संसदेत सांगितले होते, की केंद्रीय विद्यापीठांतील अध्यापकांच्या १८,९५६ मंजूर पदांपैकी ६,१८० रिक्त आहेत. आयआयटींमध्ये ११,१७० पैकी ४,५०२. एका रिक्त पदाने काय बुडते, ते पाहा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला पीएचडीचे चार विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा, प्राध्यापकाला आठ. विद्यापीठांतली ती ६,१८० पदे सगळी खालच्या श्रेणीची धरली, तरी २४,७२० संशोधकांची सोय गेली. जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळालेली मुलगी विभागाविभागांत गाइड शोधत फिरते, प्रत्येक जण ‘माझ्याकडे जागा नाही’ म्हणतो, आणि तीन वर्षांची मुदत संपून फेलोशिपचे पत्र तिच्या हातातच बाद होते. ती देश सोडून गेली, तर दोष तिला कसा द्यायचा?

स्थलांतराने मायदेशाचाही फायदा होतो, असे सांगितले जाते. होतो. फिलिपिन्समध्ये अमेरिकेच्या व्हिसाची आशा दिसताच गेलेल्या नर्सांपेक्षा कितीतरी जास्त नर्स तयार झाल्या. पण तिथे शिकवणाऱ्या संस्थाही मागणीबरोबर वाढल्या, म्हणून ते घडले. इथे शिकवणाराच नेमला नाही, तर वाढणार काय? परदेशातून येणाऱ्या पैशाचा दाखलाही पुरत नाही. तो पैसा घरी येतो, त्यातून विद्यापीठातले पद भरले जात नाही. मिशन मोडमध्ये भरती केली, हे आपले उत्तर असेल. पण पद रिकामे असताना ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना नंतरच्या जाहिरातीचा काय उपयोग? महाराष्ट्राच्या महाविद्यालयांत नेट-सेट झालेले लोक तासिका तत्त्वावर वर्षे काढतात. ते पाहणारा विद्यार्थी परतीचे तिकीट कशाच्या भरवशावर काढेल?

परदेशातील नामवंतांना काही आठवड्यांसाठी बोलावणाऱ्या योजना पुरे झाल्या. प्रत्येक केंद्रीय विद्यापीठातले प्रत्येक रिक्त पद कोणत्या तारखेपासून रिकामे आहे, कोणाच्या सहीसाठी अडले आहे आणि त्यामुळे पीएचडीच्या किती जागा गेल्या, ही यादी येत्या शैक्षणिक वर्षाआधी जाहीर करा. ती झाल्याशिवाय मनुष्यबळाच्या गळतीवर आणखी एक समिती नेमू नका.