सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून हळद पुसू नका

व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर कुठलं चांगलं यावर लोक तासन् तास भांडतात. ते राहणार कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं मत विचाराल तर छोट्या डिस्कवाल्याने सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी निवडावं. आधी जागेचा हिशेब.

दिग्रसला माझा मामेभाऊ लग्नांचं शूटिंग करतो, आणि मिक्सिंगही घरीच. (आपलं एडिटिंग म्हणजे त्याचं मिक्सिंग.) परवा त्याचा फोन. "दादा, मोठं सॉफ्टवेअर टाकाचं आहे, पण सी ड्राइव्ह लाल झाला. हळदीचं पुसून टाकू काय? टाइमलाइनवर तर घेतलंच आहे."

थांब रे बाबा!!

टाइमलाइनवर ओढलेली क्लिप सॉफ्टवेअरच्या पोटात जात नाही. प्रोजेक्ट फाइलमध्ये फक्त सूचना असतात: अमुक फाइल, इथून इथपर्यंत, मग तमुक. मूळ फाइल पुसली की हातात राहतो नुसता सूचनांचा कागद. आणि त्या हळदीत नवरीची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतेय. सॉफ्टवेअर उद्या परत डाउनलोड होईल, त्या ओव्या कुठून आणणार?

आता हिशेब. २५६ जीबीचा एसएसडी विंडोजमध्ये २३८ दिसतो. यात कुणी चोरी केलेली नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर तासाला ४५ जीबी होतात. लग्नाचं सहा तासांचं शूटिंग म्हणजे २७० जीबी. म्हणजे विंडोजसकट सगळं उडवलं तरी एक लग्न मावत नाही! सॉफ्टवेअरच्या काही जीबींवर राग काढून काय होणार?

"डी वर इन्स्टॉल कर" हा नेहमीचा सल्ला. ठीक आहे, पण बरेच इन्स्टॉलर आधी सी वरच्या टेम्प फोल्डरमध्येच पसारा मांडतात. शिवाय एडिटिंग सुरू झाल्यावर कॅशे फुगत जातो, तोही बहुधा सी वर. म्हणून पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन कॅशेची जागा बदलावी. टेम्प आणि जुना कॅशे खुशाल पुसा, तो परत तयार होतो.

मूळ शूटिंग बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा आणि काम प्रॉक्सीवर करा. प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपची हलकी प्रत. सेकंदाला ५ मेगाबिटची केली तर सहा तासांचे जेमतेम साडेतेरा जीबी होतात. शेवटी एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरतं. (मधल्या काळात फाइलींची नावं आणि फोल्डर मात्र बदलायचे नाहीत, नाहीतर ते "फाइल सापडत नाही" म्हणून बोंब मारतं.) यात नवीन काही नाही. फिल्मच्या जमान्यात कापाकापी पॉझिटिव्ह प्रिंटवर व्हायची. निगेटिव्हला कात्री लागायची ती सगळं नक्की झाल्यावर, एकदाच. निगेटिव्ह जपायची असते हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

हा हिशेब झाला की मग सॉफ्टवेअर. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती झकास आहे, पण तिला जागेबरोबर रॅम आणि ग्राफिक्स कार्डही दणकट लागतं. शॉटकट आणि केडेनलाइव्ह दोन्ही फुकट, आकाराने बरीच लहान, आणि प्रॉक्सी दोन्हींत आहे. शॉटकटची पोर्टेबल आवृत्ती तर इन्स्टॉलही करावी लागत नाही. हार घालताना, अक्षता पडताना, पाठवणीत रडारड होताना जे कट लागतात, ते यात आरामात होतात. गिऱ्हाईक कधी विचारतं का, की कशात मिक्सिंग केलं?

"हार्डडिस्कचे पैसे कोण देणार?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. छोट्या गावात आधीच घासाघीस चालते. माझं म्हणणं, ते बिलात वेगळे लिहा: मूळ शूटिंगसाठी डिस्क, इतके इतके रुपये. नको असेल तर गिऱ्हाइकाने स्वतःची डिस्क आणावी आणि कॉपी करून न्यावी. पुसायचं की ठेवायचं हे ज्यांच्या घरचं लग्न आहे त्यांनी ठरवू दे. सी ड्राइव्हच्या लाल पट्टीने ते का ठरवावं?