डब्यातलं दूध आणि माळ्यावरचे नारळ

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. नातेवाईकांनी राग मानू नये. मानलात तरी चालेल.

सध्या आमच्या पुण्या-मुंबईच्या गोतावळ्यात 'दुधाला पर्याय' हा विषय जोरात आहे. कुणाला दूध पचत नाही, कुणी वीगन झालंय. यात हसण्यासारखं काही नाही. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांची लॅक्टोज पचवायची ताकद मोठेपणी कमी होते. पोट बिघडणाऱ्याला 'नखरे करतोस' म्हणणारेच चूक.

माझं भांडण आहे ते शोधायच्या पद्धतीशी. बदामाचं आणलं, पांचट लागलं. सोयाचं आणलं, वास आला. मग ओटचं. प्रत्येक डबा अर्धा बेसिनमध्ये. आणि त्याच घरात माळ्यावर मालगुंडहून नेलेले नारळ कोंब फुटून पडलेले! जगातल्या पाच बदामांतले साधारण चार कॅलिफोर्नियात पिकतात. तिथून आलेलं पाणीदार दूध चालतं, पण घरच्या वाडीतला नारळ खवायचा कंटाळा.

गंमत बघा. २०१७ साली युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, सोयाच्या पेयाला 'दूध' म्हणून विकायचं नाही. २०२१ साली आपल्या एफएसएसएआयनेही वनस्पतींच्या पेयांना 'दूध' म्हणायला मनाई केली. दोन्हीकडे नारळाच्या दुधाला मात्र सूट, कारण ते नाव आधीपासूनच रूढ आहे. कायद्याला जे कळलं ते आमच्या भावंडांना कळू नये?

आपल्याकडे तर त्याला धड दूधही म्हणत नाहीत, 'रस' म्हणतात. मला त्यातच सगळं उत्तर दिसतं. शिरवाळ्यांबरोबर गूळ-वेलची घातलेला रस घेताना 'हे गाईच्या दुधासारखं लागतं का?' असं कुणी विचारलंय? सोलकढी पिताना ताकाची आठवण काढलीत? रसाला कुणाची नक्कल करायची नव्हती, म्हणून तो आवडला. डब्यातली दुधं नापास होतात ती आपण त्यांना गाईच्या परीक्षेला बसवतो म्हणून.

आता तुमचे आक्षेप. 'चहात घातला की फुटतो.' फुटणारच! रस म्हणजे पाण्यात विखुरलेली चरबी, उकळली की वेगळी होते. मग कोरा चहा प्या, लिंबू पिळून किंवा गवती चहाची पात टाकून. 'त्यात कॅल्शियम नाही, प्रथिनं नाहीत.' कबूल, फारशी नाहीत, आणि संपृक्त चरबी भरपूर आहे. म्हणून पेलाभर रोज ढोसायचा नाही. पण कॅल्शियमला नाचणी आहे की, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. नाचणी भिजवून, वाटून, गाळून जे पांढरं उतरतं त्याचं सत्त्व शिजवा, वरून चमचाभर रस घाला. प्रथिनांना कुळथाची पिठी आहे. एकाच डब्यात सगळं मिळावं हा हट्ट कशाला? (तान्ह्या बाळाला मात्र यातलं काहीही दुधाऐवजी देऊ नका, तिथे डॉक्टरांनाच विचारा.)

'वेळ कुणाला आहे?' एक नारळ, कोमट पाणी, मिक्सर, पंचा. पहिला रस दाट, दुसरा पातळ. पंधरा-वीस मिनिटं लागतात. डबा आणायला खाली उतरून परत यायला तेवढीच लागतात. हो, तो फ्रीजमध्येही एक-दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. ताजी वस्तू आहे, टिकेल कशी?

हे सगळं तावातावाने लिहायचं कारण वेगळंच आहे. इथे वाडीला शिंपणं करावं लागतं, माकडं कोवळे नारळ पाडतात, झाडावर चढणारा माणूस बोलावून मिळत नाही. गणपतीपुळं शेजारीच, त्यामुळे वाडीत किती माड आहेत हे आता कुणी विचारत नाही, किती गुंठे आहेत ते विचारतात. घरच्यांनाच नारळ नको असेल, तर त्या विचारणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

तेव्हा मे महिन्यात याल तेव्हा गाडीत आंब्याच्या पेट्यांशेजारी दहा नारळ टाका. आणि या वेळी ते माळ्यावर नका ठेवू, ओट्यावर ठेवा.