शाळेनेच पाड्यावर जावे

जूनच्या मध्यास शाळांची दारे उघडतात आणि शहरांतील मध्यमवर्गीय घरांत लगबग सुरू होते. वह्यापुस्तकांची खरेदी होते, वर्गशिक्षिका कोण याची चौकशी होते, पहिल्या पालकसभेस आईवडील रजा काढून जातात आणि मुलाच्या प्रकृतीपासून हस्ताक्षरापर्यंत सारे शिक्षकांच्या कानी घालतात. हा संवाद आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्याच्या मुळाशी एक समान भाषा आणि थोडीशी सवड असावी लागते, याचा आपणांस विसर पडतो. या दोन्ही गोष्टींचा जेथे अभाव आहे तेथे काय घडते, हे पाहावयाचे असेल तर नंदुरबार जिल्ह्यातील धडगावकडे दृष्टी वळविली पाहिजे.

धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेले पाडे, उत्तरेस नर्मदा, आणि वस्ती बहुतांशी पावरा व भिल्ल समाजाची. घरात बोलली जाते ती पावरी किंवा भिलोरी. शाळेतले पुस्तक मात्र मराठी. तेथील सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी अक्षर तर अनोळखी असतेच, पण ज्या भाषेतून ते शिकावयाचे ती भाषाही अनोळखी असते. शाळेच्या दारात उभ्या असलेल्या त्याच्या आईवडिलांची अडचण तरी निराळी कोठे आहे? २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के असता नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. अशा ठिकाणी शिक्षकांनी मराठीतून सूचना द्याव्यात, पालकांनी मान डोलवावी आणि नोंदवहीत अंगठे उमटावेत, एवढ्याने सभा पार पडेल. संवाद घडणार नाही.

कायद्यात उणीव आहे, असे नव्हे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने सांगितले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. परंतु समितीत जागा दिली म्हणजे वाचा दिली, असे होत नाही. ज्या भाषेत आपले गाऱ्हाणे मांडता येत नाही त्या भाषेतील सभेत पालक बहुसंख्य असले तरी मुकेच राहतात.

या संदर्भात अलीकडच्या एका वादाचे स्मरण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते. १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची झाली, तेव्हा महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्ग खडबडून जागा झाला. कोवळ्या वयात परक्या भाषेचा भार नको, हे म्हणणे ठामपणे मांडले गेले आणि २९ जून रोजी सरकारने आपला निर्णय मागे घेतला. ते म्हणणे रास्तच होते. मग तोच न्याय सातपुड्यातील मुलास का लागू नये? मराठी त्याला उत्तम यावयास हवी, कारण कचेरी, दवाखाना आणि न्यायालय यांचे व्यवहार त्याच भाषेत चालतात. प्रश्न एवढाच की, तिच्याकडे जाण्याची वाट त्याच्या स्वतःच्या भाषेतून काढावयाची की त्या भाषेला डावलून?

दुसरा प्रश्न सवडीचा. शाळा उघडते तीच वेळ कोरडवाहू शेतीच्या पेरणीची. पुढे दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत किंवा ऊसतोडीला जातात. आश्रमशाळेत मूल ठेवलेल्या पालकांना तर शिक्षकांची गाठ पडणेही दुरापास्त. तथापि होळीला सातपुड्यातील माणूस घरी परततो. त्यापूर्वीच्या भोंगऱ्या बाजाराला धडगाव माणसांनी फुलून जाते. शाळेची पालकांशी पहिली भेट त्याच दिवसांत, पाड्यावर आणि पावरीतून का होऊ नये? शासनाने २०२२ पासून शाळापूर्व तयारीचे मेळावे व मातांचे गट सुरू केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्यांचे वेळापत्रक येथे मात्र होळी पाहून आखावे, एवढीच आमची सूचना आहे.

शिक्षकांवर आधीच कामांचा बोजा आहे, डोंगरवाटा बिकट आहेत, बाहेरून आलेल्या गुरुजींना पावरी येत नाही, हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु याच खोऱ्यात नर्मदा बचाव आंदोलन आणि तेथील ग्रामस्थांनी १९९० नंतरच्या दशकात जीवनशाळा उभ्या केल्या, त्यांत स्थानिक तरुणांना शिक्षक नेमले आणि पावरी-भिलोरीत पाठ्यसाहित्य तयार केले. धरणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, साधनहीन माणसांना जे साधले ते जिल्हा परिषद व आदिवासी विकास विभाग यांना अशक्य म्हणता येणार नाही. प्रत्येक शाळेस पावरी जाणणारा एक स्थानिक साहाय्यक मानधनावर द्यावा, शिक्षकांच्या पाडाभेटी कामाच्या दिवसांत धराव्यात आणि समितीच्या सभा पालकांच्या बोलीत चालवाव्यात. यास फार मोठा खर्च येणार नाही.

पालक शाळेकडे फिरकत नाहीत, अशी तक्रार आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहो. शाळा पालकांकडे किती वेळा गेली, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे. जे अधिक शिकलेले आहेत, ज्यांना वेतन मिळते आणि ज्यांच्या पाठीशी कायदा आहे, त्यांनीच पहिले पाऊल टाकावयाचे असते. तेवढे झाले, तर धडगावच्या पाड्यावरील आईही आपल्या मुलाविषयी गुरुजींना चार शब्द निःसंकोच सांगेल. आणि शिक्षणाचा खरा श्रीगणेशा त्या चार शब्दांनीच होईल.