‘मॅडम, मी डाएटवर आहे’ : जागेवरची सायकल, घरचं ताट आणि आपली मुलं

मागच्या महिन्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत शालेय पोषण आहाराचं वाटप चालू होतं. मटकीची उसळ आणि भात होता. चौथीतली एक मुलगी ताट न घेताच रांगेतून बाजूला झाली. पोट दुखतंय का, म्हणून विचारलं, तर हळूच म्हणाली, "मॅडम, मी डाएटवर आहे."

मला आधी हसूच आलं. मग विचारलं, "कुणी सांगितलं तुला डाएट करायला?"

"कुणी नाही. मम्मी पण रात्री जेवत नाही. आणि तुम्ही पण भात खात नाही ना, मॅडम."

हसू तिथंच थांबलं. मुलगी थोडी अंगानं भरलेली आहे, एवढंच. पण वर्गातली दोन-तीन पोरं तिला ‘ढोली’ म्हणतात, हे मला माहीत होतं आणि मी ते एकदा रागावून सोडून दिलं होतं. आणि भाताचं म्हणाल तर तिचं निरीक्षण बरोबर होतं. मी आणि शाळेतल्या दोघी सहकारी जानेवारीपासून इनडोअर सायकलिंगच्या क्लासला जातोय. स्टाफरूममध्ये रोज एकच विषय : "आज काट्यावर किती?" मुलांना ऐकू येतं, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

म्हणून हा लेख. वजन कमी करणं चूक आहे, असं मला अजिबात म्हणायचं नाही. मोठ्यांनी ते जरूर करावं, शिस्तीत करावं. पण आपण ते कसं करतो आणि मुलांसमोर त्याबद्दल कसं बोलतो, हाही एक पाठच आहे. आणि हा पाठ सध्या आपण चुकीचा शिकवतोय, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागेवरची सायकल : काय आहे हे?

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एका खोलीत दहा-पंधरा सायकली. पुढचं जड चाक फिरतं, सायकल जागची हलत नाही. घुंडी फिरवली की पायडल जड होतं, जणू चढ लागला. मोठ्यानं गाणी, समोर ट्रेनर, ४५ मिनिटं कधी जोरात, कधी हळू, कधी उभं राहून पायडल मारायचं.

याची सुरुवात अमेरिकेत झाली. मूळचा दक्षिण आफ्रिकेचा सायकलपटू जॉनी गोल्डबर्ग १९८० च्या दशकात लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करत होता. रात्री रस्त्यावर सराव करताना गाडीखाली येता येता वाचला. मग त्यानं घरातच सराव करता येईल अशी सायकल तयार केली. म्हणजे रस्ता सुरक्षित नव्हता म्हणून ही सायकल घरात आली! आपल्या छत्रपती संभाजीनगरात संध्याकाळी जालना रोडवर सायकल काढून बघा, त्याचं म्हणणं लगेच पटेल. साडी किंवा ड्रेस सांभाळत, रिक्षा-ट्रकमधून वाट काढत व्यायाम करणं आमच्यासारखीला जमणारं नाही. त्यामुळे या क्लासची मी टिंगल करणार नाही. गुडघ्यांवर पळण्याइतका भार येत नाही, ऊन-पावसाची अडचण नाही, सोबत असते म्हणून दांडी मारायला लाज वाटते. बायकांसाठी तर "कुणी बघतंय" हा ताणही कमी.

आता गणित

माझी साखरेची तपासणी सीमारेषेवर आली होती आणि वजन ७४ किलो. म्हणून मी क्लास लावला. जानेवारी-फेब्रुवारी दोन महिने आठवड्यातून तीन दिवस घाम गाळला. वजन किती उतरलं? अर्धा किलो! मी ट्रेनरवर चिडले. मग रविवारी वही-पेन घेऊन बसले, चौथीच्या मुलांना शाब्दिक उदाहरण घालतो तसं.

सत्तर किलोच्या माणसाचे ४५ मिनिटांच्या चांगल्या क्लासमध्ये साधारण ३५० ते ४५० कॅलरी खर्च होतात. ४०० धरू. आठवड्याला तीन क्लास, म्हणजे १,२००. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. ७,७०० भागिले १,२०० केलं तर सहा आठवड्यांच्या वर जातं. म्हणजे नुसत्या सायकलनं एक किलो उतरायला दीड महिना, तोही खाण्यात एका घासाचीही वाढ झाली नाही तर. आणि आम्ही काय करत होतो? क्लास सुटला की टी. व्ही. सेंटरला दोन कचोऱ्या. "आज एवढा घाम गाळलाय, चालतंय की!" दोन कचोऱ्यांत क्लासची सगळी कमाई परत. व्यायामानं भूकही वाढते, हे वेगळंच.

यातून सायकल निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढू नका. हृदय, फुफ्फुसं, रक्तातली साखर, झोप, मन या सगळ्यांना व्यायामाचा फायदा काटा हलला नाही तरी होतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोराचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते, ते याचसाठी. पण वजनाचा मुख्य हिशेब ताटात होतो, सायकलवर नाही. हे क्लासच्या जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

दीक्षित की दिवेकर?

ताटाचा विषय निघाला की आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न येतोच. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून पुढे नेलेली पद्धत : दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत आणि रोज ४५ मिनिटं चाला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर म्हणतात, थोडं थोडं पण वेळेवर खा; भात, तूप, आपल्या भागातलं अन्न सोडू नका. एका घरात नवरा दीक्षित आणि बायको दिवेकर, अशी घरं मी पाहिली आहेत. लग्नाच्या पंगतीत यावरून वाद झालेलेही ऐकलेत.

मला यात कोण जिंकलं यापेक्षा दोघांत समान काय आहे, ते महत्त्वाचं वाटतं. दिवसभर बिस्किट, फरसाण, गोड चहा तोंडात टाकत राहणं दोघांनाही मान्य नाही. पाकिटातलं खाणं दोघांनाही नको आहे. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. दोन वेळा जेवणाची ती पद्धत अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीच. आमच्या चौथीतल्या मुलीनं आईचं बघून रात्रीचं जेवण आणि माझं बघून दुपारचा भात सोडला, तर दिवसभरात तिच्या पोटात उरलं काय?

मी मार्चपासून फार काही केलं नाही. चहा दिवसातून दोन, साखर निम्मी. क्लासनंतर कचोरी बंद, त्याऐवजी मूठभर फुटाणे. रात्री एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी किंवा मेथीची डाळ, वाटीभर ताक. दुपारच्या डब्यात उसळ वाढवली, पोळ्या तीनच्या दोन केल्या. तेलाचं पाकीट महिन्याला किती लागतं, ते लिहायला लागले. जुलैअखेर वजन ६८.५. अजून बरंच बाकी आहे, पण साखर उतरली. भात बंद करायची तशी गरज नव्हती, ते मैत्रिणींचं बघून केलं होतं. आता शाळेत मुलांसोबत थोडा भात-उसळ खाते, मुद्दाम, त्यांना दिसेल असा.

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात मोठ्या माणसाच्या २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मांस) ८५ ग्रॅम आहेत. म्हणजे निम्मं ताट भाजी-फळांचं. आपल्या ताटात उलटं असतं : पोळी-भाताचा डोंगर आणि कोपऱ्यात चमचाभर भाजी. मराठवाड्याचं जुनं जेवण बघा. भाकरी, वरण, पालेभाजी, ठेचा, कांदा, ताक. त्यात फक्त भाजी वाढवायची आणि भाकरी मोजायची. यासाठी महागडी पावडर किंवा ओट्सचं पाकीट लागत नाही.

क्लास लावणार असाल तर

दोन-तीन गोष्टी अनुभवातून सांगते. सायकलशेजारी उभं राहिल्यावर सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला हवी, पाय खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. ट्रेनरनं हे बघितलं नाही तर गुडघे नक्की दुखणार. पहिल्याच दिवशी इतरांच्या बरोबरीनं जोर लावू नका. सवय नसताना अति केलं तर मांड्यांचे स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. प्रचंड दुखणं, सूज आणि गडद तपकिरी लघवी दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आठवड्याला अर्धा किलो हा पुरेसा वेग आहे. "महिन्यात दहा किलो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

आणि क्लासची फी परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. पहाटे हिमायतबागेत, विद्यापीठाच्या रस्त्यांवर, गोगाबाबा टेकडीवर फुकट व्यायाम करणारे लोक आपल्या शहरात काही कमी नाहीत. हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीला रात्रभर पायी जाणारं हे शहर आहे. चालणं आपल्याला नवीन नाही.

मुलांचं काय?

आता मुद्द्यावर येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (२०१९-२१) आकड्यांनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे आहेत. त्याच पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची आहेत. म्हणजे एकाच घरात आई-बाबांना वजन कमी करायचंय आणि लेकराला वाढवायचंय, असंही असू शकतं. घरातल्या सगळ्यांना एकच ‘डाएट’ कसं लावणार?

मुलं उंचीनं वाढत असतात. थोडं भरलेलं मूल उंची वाढली की बऱ्याचदा आपोआप सडपातळ दिसतं. त्यांच्यासाठी मोठ्यांचा बीएमआय चालत नाही, वयानुसारचे वेगळे तक्ते असतात. खरंच काळजी वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा बोला. पण मुलाचं जेवण आपल्या मनानं तोडू नका. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा हिशेब आहे. एक ताट सोडलं की तेवढं गेलं.

मुलांना डाएट नको, हालचाल हवी. रोज ६० मिनिटं. आणि इथं आपण मोठे काय करतो? मानव विकास कार्यक्रमात गावाकडच्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सरकार सायकल देतं. त्या ऊन-पावसात रोज पायडल मारतात. शहरात आपण अर्धा किलोमीटरवरच्या शाळेत मुलाला स्कूटीवर सोडतो आणि संध्याकाळी स्वतः पैसे भरून जागेवरच्या सायकलवर बसतो! रस्ता धोक्याचा आहे, मान्य. पण गल्लीतल्या चार मुलांना एक पालक पायी आणू शकतो ना? आणि खेळाच्या तासिकेला गणित घेणारे आपणच शिक्षक आहोत. मीही घेतलंय, लपवत नाही.

मी ठरवलेल्या पाच गोष्टी

१. शाळेत आणि मुलांसमोर वजनाचा आकडा बोलायचा नाही. बोलायचंच तर "दम लागत नाही आता, जिना सहज चढते" असं बोलायचं.

२. ‘जाड्या’, ‘ढोली’, ‘काडी’ ही नावं वर्गात बंद. हसण्यावारी न्यायचं नाही.

३. खेळाची तासिका खेळालाच.

४. चौथीच्या गणितात पाकिटांची लेबलं : दहा रुपयांच्या पाकिटात साखर किती, मीठ किती, मुलांनी वाचायचं आणि चमच्यांत मोजायचं. मुलांना यात फार मजा येते. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असले पदार्थ विकायचे नाहीत असा २०२० चा नियम आहे. तो पालकसभेत वाचून दाखवायचा.

५. पालकांना एकच विनंती : घरात कुणाचं डाएट चालू असेल तर ‘मी डाएटवर आहे’ न म्हणता सगळ्यांच्या ताटात भाजी वाढवा. मग ते डाएट राहत नाही, घरचं जेवण होतं.

त्या मुलीच्या आईला मी शाळेत बोलावलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "मी तर तिला कधी काही बोलले नाही हो मॅडम," म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, मीही नाही बोलले. तिनं आपल्या दोघींचं बघितलं."

आता त्या रात्री लेकीबरोबर बसून अर्धी भाकरी खातात. मुलगी दुपारी रांगेत उभी राहते. परवा तिनं उसळ दुसऱ्यांदा मागून घेतली. मीही माझं ताट घेऊन तिच्या शेजारी बसले.